कुंदगोळवरून मुकुंदनगरला

"सवाई तुमचं कधीपासून झालं रे?"

सकाळचे पावणेसहा. नेलमंगला मागे टाकून गाडी नुकती तुमकूर रस्त्याला लागलेली. बाहेर मिट्ट काळोख, आत हीटर, आणि मागच्या सीटवरून हुबळीकराने हा प्रश्न टाकला. आता पुणेकराला असा प्रश्न विचारणं म्हणजे भांडणाचं आमंत्रणच. मी तोंड उघडणार तेवढ्यात गाडी चालवणारी नाशिककर म्हणाली, "आधी थट्टे इडली, मग युद्ध." त्यामुळे क्यातसंद्रा येईपर्यंत तह झाला.

तर त्याचं झालं असं. आमची ऑफिसातली चौकडी म्हणजे मी (पुणेकर), हुबळीकर, नागपूरकर आणि नाशिककर. बंगळूरला राहून राहून चहाच्या टेबलावर आपापल्या गावाच्या बढाया मारायची सवय लागलेली. नोव्हेंबरात एकदा मी म्हणालो, की डिसेंबरात पुण्यात असायला हवं, आमचं सवाई असतं. नागपूरकर म्हणाला, मग चला की! मला वाटलं नेहमीसारखं हवेत विरेल. पण नाशिककरने तिथल्या तिथे तिकिटं काढली आणि २० डिसेंबर २०२४ च्या शुक्रवारी आम्ही चौघं सुट्टी टाकून निघालो. साधारण ८४० किलोमीटर. शनिवार-रविवार गाणं, सोमवारी परत.

इथे एक कबुली देऊन टाकतो. 'आमचं सवाई' असं छाती फुगवून सांगणारा मी सवाईला धड एकदाही बसलो नव्हतो. इंजिनिअरिंगला असताना दोनदा रमणबागेत गेलो होतो, पण दोन्ही वेळा मंडपापेक्षा खाण्याच्या स्टॉलपाशीच जास्त वेळ गेला. सवाईला बसणारे आमच्या घरात एकच, माझे आजोबा. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

इडली पोटात गेल्यावर हुबळीकराने आपली बाजू मांडली. "हे बघ. सवाई गंधर्व कोण? रामभाऊ कुंदगोळकर. कुंदगोळ कुठे आहे? हुबळीच्या शेजारी. त्यांच्या शिष्या गंगूबाई हंगल, हुबळीच्या. शिष्य भीमसेन जोशी, गदगजवळच्या रोणचे. बसवराज राजगुरू धारवाडचे. मग पुण्याचं काय आहे त्यात? मैदान!"

च्यायला, मुद्दा बिनतोड होता. मी नुसतं "फिरोज दस्तूर मुंबईचे होते" एवढं म्हणून बघितलं. त्याने काही फरक पडला नाही.

शेवटी नाशिककर म्हणाली, कुंदगोळ वाटेतच आहे ना, मग बघूनच जाऊ. चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी मागे पडली आणि हुबळीच्या अलीकडे हायवे सोडून आम्ही उजवीकडे आत वळलो.

कुंदगोळ म्हणजे तसं साधंच तालुक्याचं गाव. कापसाची, मिरचीची काळी जमीन, बाजारपेठ, बस स्टँड, आणि हुबळी-बंगळूर लाइनवरचं एक स्टेशन. आधी आम्ही स्टेशनावर गेलो, कारण हुबळीकराच्या मते गोष्ट तिथून सुरू होते.

रामभाऊंचा जन्म १८८६ चा. गाण्याचं वेड लहानपणापासून. त्या काळात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ या भागात येत-जात असत. मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे खाँसाहेब बडोदा सोडून दक्षिणेकडे आले. म्हैसूर दरबारात त्यांचा मान होता, आणि म्हैसूरला जायचं तर वाट धारवाड-हुबळीवरूनच. रामभाऊ त्यांचे शिष्य झाले आणि किराण्याची संथ, एकेका सुराला उलगडत नेणारी गायकी या काळ्या मातीत रुजली. पुढे रामभाऊ मराठी संगीत नाटकात गेले. गोविंदराव टेंब्यांच्या शिवराज नाटक मंडळीत स्त्रीभूमिका केल्या, नाव कमावलं. तेव्हा रंगभूमीवर राज्य होतं बालगंधर्वांचं. त्यांच्यापेक्षा सव्वापट म्हणून हे 'सवाई' गंधर्व! म्हणजे ज्या नावाने आज पुण्यात पोस्टर लागतात, ती मराठी नाटकाने एका कानडी मुलुखातल्या गायकाला दिलेली पदवी आहे. इथे आम्ही दोघांनी एकेक गुण वाटून घेतला. :)

नाटकातून बाहेर पडल्यावर रामभाऊ कुंदगोळला राहून शिकवू लागले आणि मग या छोट्या स्टेशनाला महत्त्व आलं. गंगूबाई हंगल हुबळीहून गाडीने इथे शिकायला येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलीचं हिंदुस्तानी गाणं बिघडू नये म्हणून त्या माऊलीने स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं. आणि एवढं करून रस्त्याने गाणं शिकायला जाणाऱ्या मुलीला लोक टोमणे मारायचे, हे गंगूबाईंनीच पुढे सांगितलंय. हुबळीकराची अज्जी गंगूबाईंचं गाणं रेडिओवर लागलं की घरात कुणाला बोलू द्यायची नाही म्हणे. पण तीच अज्जी असंही सांगायची, की आमच्या लहानपणी चांगल्या घरच्या मुलींना तिकडे फिरकू देत नसत. दोन्ही गोष्टी एकाच गावातल्या.

दुसरा विद्यार्थी मात्र फार लांबून फिरून आला. १९३३ साली रोणचा अकरा वर्षांचा भीमसेन गुरू शोधायला घरातून पळाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली, रामपूर असं करत बिनातिकीट, गाणी म्हणत, थेट जालंधरला पोचला. तिथे हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं. १८७५ पासूनचं, आपल्या देशातलं सगळ्यात जुनं. तिथे विनायकबुवा पटवर्धनांची भेट झाली. बुवांनी सांगितलं, अरे, इतक्या लांब कशाला आलास, तुझ्या घराशेजारीच सवाई गंधर्व आहेत! आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. दिवसभर जगभर शोधायचं आणि उत्तर आपल्याच फोल्डरमध्ये सापडायचं.

भीमसेन १९३६ मध्ये कुंदगोळला आला. पहिले दिवस गाणं नव्हतंच. पाणी भरायचं, घरची कामं करायची. मग तालीम सुरू झाली ती तोडी, मुलतानी आणि पूरिया या रागांवर, वर्षानुवर्षं. आमच्याकडे दोन आठवड्यांत नवीन भाषा शिकून रेझ्युमेत टाकतात. असो.

नाडीगेरांचा वाडा आम्ही बाहेरून बघितला. गावातलं जुनं, मोठं घराणं. रामभाऊंच्या गाण्याला यांचा आश्रय, आणि त्यांच्या पुण्यतिथीचं गाणंही इथे होत आलंय. समोर एक आजोबा बसले होते, त्यांना हुबळीकराने कानडीत काहीतरी विचारलं. ते बराच वेळ बोलले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? हुबळीकर म्हणाला, "ते म्हणाले, पुण्याला चाललाय होय? आमच्या रामण्णाला नमस्कार सांगा."

यानंतर मी थोडा वेळ गप्पच बसलो.

हुबळीत गिरमिट खाऊन धारवाडकडे निघालो. आता नागपूरकराला प्रश्न पडला. तो पक्का इंजिनिअर, त्याला कारण लागतं. म्हणाला, "एका जिल्ह्यात एवढे गवय्ये कसे काय? पाण्यात आहे का काही?" बाकी यादी खरंच थक्क करणारी आहे. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व. गंगूबाई, भीमसेन, राजगुरू तर आहेतच. कृष्णेच्या दक्षिणेला कर्नाटक संगीताचा मुलूख सुरू व्हायला हवा, तर इथे हिंदुस्तानी संगीताचं आगर!

पाण्यात काही नाही. मला जेवढं समजलंय त्यावरून या रस्त्यावर तीन गोष्टी एकावर एक बसल्या.

पहिली, राज्यं. आज आपण नकाशा बघतो तो १९५६ नंतरचा. त्याआधी धारवाड, बेळगाव हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. मध्ये मध्ये संस्थानं होती, त्यातली मिरज, सांगली, जमखंडी ही पटवर्धनांची. आणि गंमत म्हणजे कुंदगोळ हा जमखंडी संस्थानाचा तुकडा होता. म्हणजे रामभाऊ जन्मले ते मराठी राजाच्या कानडी गावात. दरबाराची भाषा एक, बाजाराची दुसरी, आणि माणसं दोन्हींत सराईत.

दुसरी, नाटक. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांचं 'शाकुंतल' आलं आणि नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागल्या. हुबळी, धारवाड, गदग हे त्यांचे नेहमीचे मुक्काम. घरात कानडी बोलणारा माणूस नाट्यपदं पाठ म्हणायचा. आणि ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती बरं का. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघूनच. म्हणजे आम्ही त्यांच्याकडून नाटक घेतलं, त्यात गाणं घातलं आणि परत त्यांच्याकडे पाठवलं.

तिसरी, रेल्वे. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने या भागात रूळ टाकायला सुरुवात केली आणि पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा-हुबळी अशी मीटर गेज लाइन झाली. नावातच बघा, 'दक्षिण मराठा' मुलूख! कंपनीचं मोठं ऑफिस मात्र धारवाडला. या लाइनने नाटकाचे पडदे गेले, तंबोरे गेले, उस्ताद गेले, पळून जाणारी पोरंही गेली. आपण ज्याला घराणं म्हणतो त्याचा नकाशा काढला तर तो बराचसा रेल्वेच्या नकाशासारखा दिसेल.

नागपूरकर म्हणाला, "म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चर." हो बाबा, इन्फ्रास्ट्रक्चर. अधिक एक हट्टी गुरू आणि त्याहून हट्टी शिष्य.

बेळगावच्या अलीकडे हायवेला लागूनच सुवर्ण विधानसौध दिसतं. २०१२ मध्ये उद्घाटन झालेली कर्नाटक सरकारची प्रचंड इमारत. बेळगाव कुणाचं या वादातलं दगडी उत्तर. महाराष्ट्राचं उत्तर २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालंय. एरवी हा विषय निघाला की आम्ही दोघं चहाच्या टेबलावर हमखास आवाज चढवतो. या वेळी कुणीच काही बोललं नाही. सकाळपासून जे बघत आलो त्यानंतर 'हे आमचं, ते तुमचं' म्हणायला जीभ रेटेना.

त्यात आणखी एक योगायोग. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. तिथे स्वागतगीत गाणाऱ्यांत एक अकरा वर्षांची मुलगी होती, तीच पुढे गंगूबाई हंगल. आम्ही बेळगाव ओलांडलं तेव्हा त्या अधिवेशनाला शंभर वर्षं पुरी व्हायला एकच आठवडा राहिला होता. कुंदा घेतला, पुढे निघालो.

निपाणी, कागल, कोल्हापूर. इथून उजवीकडे पन्नासेक किलोमीटरवर मिरज. वेळ असता तर तिथेही गेलो असतो, कारण गोष्टीचं दुसरं टोक तिथे आहे. अब्दुल करीम खाँ अखेर मिरजेला स्थायिक झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडच्या दौऱ्यात सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर त्यांचं निधन झालं. दफन मिरजेत, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजूनही गाणं होतं. याच मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे करायला घेतले. लढाया संपल्या, तलवारींची गिऱ्हाईकं गेली, मग तेच हात भोपळ्यांवर फिरू लागले. हे भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता हिशेब बघा. कैरानाचा मुसलमान उस्ताद, कुंदगोळचा ब्राह्मण शिष्य, धारवाडच्या गाणाऱ्या बाईची मुलगी, रोणच्या मास्तरांचा पळालेला मुलगा, मुंबईचा पारशी फिरोज दस्तूर आणि साथीला मिरजेचा तंबोरा. यातला एकही जण 'आमचं-तुमचं' बघत बसला असता तर हे गाणं झालंच नसतं.

खंबाटकी उतरून पुण्यात शिरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. आईने पिठलं-भात करून ठेवला होता.

पुण्याचा या गोष्टीत प्रवेश होतो तो शेवटी. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला सवाई गंधर्वांना पक्षाघात झाला आणि गाणं थांबलं. अखेरची वर्षं पुण्यात गेली. १९४६ मध्ये त्यांची साठी पुण्यात साजरी झाली, त्यात तरुण भीमसेन गायला आणि लोकांनी पहिल्यांदा माना वळवून बघितलं. १२ सप्टेंबर १९५२ ला पुण्यातच सवाई गंधर्व गेले. पुढच्या वर्षी, १९५३ ला, शिष्यांनी गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त गाणं ठेवलं. भीमसेन, गंगूबाई, दस्तूर, सगळे गुरुबंधू-भगिनी. आयोजक आर्य संगीत प्रसारक मंडळ.

म्हणजे सवाई हा 'म्युझिक फेस्टिव्हल' नंतर झाला. मुळात ते श्राद्ध आहे. शिष्यांनी गाऊन केलेलं.

मंडळाच्या नावातही जुनी खूण आहे. अब्दुल करीम खाँनी १९१३ मध्ये पुण्यात गाण्याची शाळा काढली होती, तिचं नाव आर्य संगीत विद्यालय. ती शाळा गेली, नाव राहिलं.

मग गर्दी वाढत गेली. रेणुका स्वरूप शाळेचं पटांगण, नंतर रमणबाग शाळेचं. भीमसेन हे सगळं स्वतः बघायचे. कलाकार ठरवण्यापासून शेवटी गायला बसण्यापर्यंत. त्यांना गाड्यांचं भारी वेड. आज इथे, उद्या तिथे कार्यक्रम, शेकडो किलोमीटर स्वतः गाडी हाकत जायचे, आणि विमानाने इतके फिरायचे की लोक गमतीने 'हवाई गंधर्व' म्हणायचे. आम्ही दिवसभरात जो रस्ता काटला तो त्यांच्या रोजच्या पायाखालचा. २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झालं. गंगूबाई २००९ मध्ये गेल्या, भीमसेन जानेवारी २०११ मध्ये. त्याच वर्षापासून महोत्सवाच्या नावात गुरूच्या जोडीला शिष्याचंही नाव लागलं, 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव'.

आता आजोबा.

आजोबा पोस्टात होते. रेणुका स्वरूपपासूनचे सवाईकर. त्या वेळी गाणं रात्रभर चालायचं. कानटोपी, घोंगडी, चटई, थर्मास आणि आजीने दिलेले दशम्या-चटणीचे डबे घेऊन ते संध्याकाळी जायचे ते उजाडल्यावर यायचे. डिसेंबरच्या थंडीत पहाटे ललत सुरू झाला की अंगावर काटा यायचा तो थंडीने की सुराने ते कळायचं नाही, असं सांगायचे. रात्रीचा दरबारी, मालकंस मध्यरात्रीच ऐकायचा आणि ललत उजाडताना, यात त्यांना तडजोड मान्य नव्हती. रागाला वेळ असते ही गोष्ट मला पुस्तकात वाचून कळली, त्यांना ती मैदानात बसून कळली होती.

ती रात्र गेली. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हे पक्कं केलं. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, तेवढीच सवलत. मग महोत्सवाने रात्रींचे दिवस केले. आता चार-पाच दिवस, दुपारपासून रात्री दहापर्यंत, एक दिवस बारापर्यंत. आजोबा चिडचिड करायचे. मी विचारलं होतं, पण शेजारी आजारी माणूस असेल तर? ते जरा थांबून म्हणाले, "ते खरं. पण ललत मेला."

२०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. आजोबा एकदा आले, म्हणाले, ऐसपैस आहे. बस एवढंच. २०२० मध्ये कोविडने सवाई झालंच नाही. त्या डिसेंबरात एका संध्याकाळी त्यांनी घरातच हॉलमध्ये चटई टाकली, टेपरेकॉर्डरवर भीमसेनांची कॅसेट लावली आणि मला म्हणाले, ये, बस जरा, आपलं सवाई. मी नवीन नोकरीला लागलेलो, घरून काम. कानाला हेडफोन, समोर कॉल. हाताने 'पाच मिनिटं' अशी खूण केली. ती पाच मिनिटं दोन तासांची झाली. बाहेर आलो तेव्हा चटई गुंडाळून ठेवली होती.

पुढच्या वर्षी आजोबा गेले. २०२१ चं सवाईसुद्धा हुकलं होतं. २०२२ च्या डिसेंबरात ते परत सुरू झालं तेव्हा मी बंगळूरला होतो आणि त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं.

तर ही २०२४ ची खेप म्हणजे सत्तरावं सवाई. शनिवारी दुपारी आम्ही चौघं मुकुंदनगरला पोचलो. मी घरातून आजोबांची चटई उचलून आणली होती, आणि आम्ही खुर्च्या सोडून भारतीय बैठकीत बसलो. हुबळीकराला चौथ्या तासाला पाय लांब करायचे होते, पण पुढे एक काकू होत्या, त्यांनी एकदा मागे वळून नुसतं बघितलं. पाय परत आत. :)

एक गोष्ट मात्र आजोबांना सांगायला हवी होती. रात्रीचे राग गेले हे खरं, पण दुपारचे आले. रात्रभराच्या मैफलीत भीमपलास, मुलतानी, पटदीप यांना जागाच नव्हती. ते मैदानावर ऐकायला उन्हं कलताना बसावं लागतं, आणि आता तसं बसता येतं. भीमसेनांना कुंदगोळला पहिले जे राग मिळाले त्यातला मुलतानी दिवसाच्या चौथ्या प्रहरातलाच की! नियमाने एक दार बंद केलं, एक नकळत उघडं ठेवलं. ललत मेला नाही आजोबा, तो सकाळच्या वेगळ्या मैफलींत गेलाय. पण तुमची घोंगडीची रात्र गेली, ती गेलीच. तिचा हिशेब मुलतानीने चुकता होत नाही.

रविवारी रात्री शेवट. पूर्वी महोत्सवाचा शेवट भीमसेन गाऊन करायचे. त्यांच्यानंतर बरीच वर्षं तो मान प्रभाताई अत्र्यांकडे होता. प्रभाताई जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. पण त्यांच्याही नंतर, अगदी अखेरीस, एक जुनी प्रथा आहे. सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी लावतात. जुन्या तबकडीवरची, जेमतेम तीन मिनिटांची.

मला हे ऐकून माहीत होतं. तरी जेव्हा स्पीकरमधून तो खरखरता, लांबून आल्यासारखा आवाज सुरू झाला तेव्हा हजारो माणसांचं मैदान एकदम चिडीचूप झालं. चपला शोधणारे थांबले. चटया गुंडाळणारे तसेच उभे राहिले. पुढच्या काकूंनी डोळे मिटून हात जोडले. बहात्तर वर्षांपूर्वी गेलेला माणूस, ज्याचं गाव आम्ही दोन दिवसांपूर्वी बघून आलो होतो, तो गात होता.

हुबळीकर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "नमस्कार सांगायचा राहिला." आणि त्याने खरंच, मंचाकडे बघून, हात जोडले. मीही जोडले. माझा नमस्कार दोघांना होता.

बाहेर पडताना नागपूरकराने परत विषय काढला. मग ठरलं काय, सवाई कुणाचं? हुबळीकर म्हणाला, गुरू आमचा, श्राद्ध तुमच्यात. मी म्हणालो, श्राद्धाला जो जेवून जातो तोही त्या घरचाच असतो. नाशिककर म्हणाली, जेवणावरून आठवलं, भूक लागलीये.

सोमवारी पहाटे पाचला परत निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा अजून अंधारच होता. पूर्वेला थोडं तांबडं फुटल्यावर मी फोनवर भीमसेनांचा ललत लावला. कुणी काही बोललं नाही. ललत संपेपर्यंत खंबाटकी आलं आणि उजाडलं.

चटई गाडीच्या डिकीत आहे. ती आता तिथेच राहणार.